डोळे मिटलेला फोटो

दरड कोसळल्याची बातमी येऊन दुपार टळली, तरी धाकट्याचा फोन लागत नव्हता. त्याची बस सकाळीच त्या घाटात शिरली होती. ताई पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती, बाबा टीव्हीसमोर उभेच होते आणि आई निवडलेली भाजी परत निवडत होती.

एकाएकी टेबलावरचा टॅबलेट उजळला. धाकट्याने फोनमध्ये काढलेले फोटो आपोआप त्यावर उतरत; तशी सोय त्यानेच करून ठेवली होती. आता एकेक येऊ लागला. पिवळी बस. वळणावरचा कठडा. कठड्याला टेकून उभा असलेला तो स्वतः, दोनदा.

"फोटो आले म्हणजे पोरगा ठीक आहे," असं म्हणत बाबा मटकन खुर्चीत बसले.

ताई मात्र टॅबलेटकडेच पाहत राहिली. फोटो पाठवायला माणूस लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. जरा रेंज मिळाली की फोन आपणहून पाठवतो. मग तो खिशात असो, नाहीतर मातीखाली. आणि हे सगळे फोटो दरडीच्या आधीचे होते. तिने पुन्हा नंबर फिरवला. बाबांना काही सांगितलं नाही.

आईने फोटो मोठा करायला बोट पुढे केलं, तसं ताईने तिचं मनगट धरलं. "जपून. इथून पुसला गेला तर त्याच्या फोनमधूनही जाईल."

"आणि त्याने तिकडे पुसला तर?"

"तर इथूनही."

आईने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती तिथेच टेबलाला धरून उभी राहिली. टीव्हीवर स्ट्रेचर दिसत होती. बाबांनी आवाज बंद केला.

तेवढ्यात बसचा एक हललेला फोटो नाहीसा झाला. कुणीच हात लावला नव्हता. मग कठड्याचा एक धूसर फोटो गेला. ताई टॅबलेटवर वाकली. फोन दुसऱ्याच कुणाला सापडला असेल तर?

तिसरा गेला तो धाकट्याचा, डोळे मिटलेला. त्याच्या शेजारचा, हसरा, जागच्या जागी राहिला.

धाकटा फोटोत बरा दिसतो की नाही, याची पर्वा जगात एकट्या धाकट्यालाच होती.

आईने ओल्या हाताने डोळे पुसले.

"जिवंत आहे मेला," ती म्हणाली.