शनिवारची नखं

"शनिवारी नखं कापू नयेत गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले आणि दहा महिन्यांच्या मनवाची नखं कापलीच. रविवारी तिला सणकून ताप भरला. योगायोग, कळतं मला. पण पुन्हा शनिवारी नेलकटरला हात लावायचा नाही, असं मनाशी ठरवून टाकलं.

आणि आज, पुढच्याच शनिवारी, सोसायटीच्या संमेलनाला जेमतेम अर्धा तास असताना त्याच सासूबाईंनी, आमच्या आईंनी, डावा हात माझ्यापुढे धरला. मांडीवर गिटार. साठीनंतर शिकलेलं पहिलंवहिलं गाणं आज सगळ्यांसमोर वाजवायचं होतं, आणि वाढलेल्या नखांमुळे तारा नीट दाबल्याच जात नव्हत्या. आठवडाभर तापलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, नखं कापायची राहूनच गेली.

"काप."

"आई, आज शनिवार आहे!"

"मग सोमवारी वाजवू? ते तळमजल्यावरचे भागवत म्हणतात, 'वहिनी, गिटार कसली, टाळ घ्या हातात.' काप लवकर!"

घरात सापडला तो मनवाचा चिमुकला नेलकटर. करंगळीपासून सुरुवात केली. चारही बोटं झाली. आईंनी तारा दाबल्या, उजवा हात फिरवला, आणि काय सांगू, खोलीभर स्वच्छ, खणखणीत सूर! मनवा टाळ्या पिटायला लागली.

"बघतेस काय? चपला घाल!"

तुमच्याही घरात अशा कुणी असतील. जरा त्यांच्या डाव्या हाताची नखं बघून या. वाढलेली असली, तर वार विचारू नका.