बेचाळीस जण

वहिनीच्या दवाखान्यासाठी मी एक अ‍ॅप बनवलं. विंडोज, मॅक, लिनक्स, कशावरही चालतं. त्यात 'मदत' नावाचं बटण आहे. ते दाबलं की ब्राउझर उघडतो आणि माझ्या वेबसाइटवरचं माहितीचं पान दिसतं. बाबांनी आधीच बजावलं होतं, "महिन्याभरात कुणी त्या साइटकडे ढुंकून बघितलं तर ठीक. नाहीतर मुकाट्याने आपल्या फोटोफ्रेमच्या दुकानात बसायचं."

आज सकाळी मी चहा सांडत त्यांच्याकडे पळालो. "बाबा, काल एका दिवसात बेचाळीस जण येऊन गेले साइटवर!"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे वा! म्हणजे लोकांना गरज आहे म्हणायची तुझी."

तेवढ्यात वहिनी लॅपटॉप घेऊन आली. "भाऊजी, तुमचं ते मदतीचं बटण मेलं काही केल्या चालत नाही हो. काल दाबून दाबून बोट दुखलं माझं."

मी अ‍ॅपची विंडो जरा बाजूला सरकवली. तिच्या मागे ब्राउझर केव्हाचा उघडा होता, आणि त्यात माझंच पान, पुन्हा पुन्हा, टॅबला टॅब चिकटून. वहिनी ते मोजायला लागली आणि मध्येच थांबली. तिने आधी माझ्या पडलेल्या तोंडाकडे बघितलं, मग बाबांकडे.

"काय गं, बिघडलंय का?" बाबांनी विचारलं.

"छे हो," म्हणत वहिनीने बटण पुन्हा दाबलं. "हे बघा बाबा, अजून एक जण आला."