टोपल्याखालचं पाऊल

"चारातली तीन जंगलं निवडायचीत, पप्पा. मासाई मारा तर फिक्सच."

ऋतुजा गाडीच्या मागच्या सीटवर मांडी घालून बसली होती. एसी चालू, काचा बंद, हातात मोबाइल. "अंबोसेलीत हत्तीच हत्ती. नाकुरूत गेंडे. सांबुरूत जिराफ. पण बिबट्याची ग्यारंटी कुणीच देत नाही. एजंट म्हणतो, बिबट्या नशिबात असावा लागतो."

"पाचच्या आत नावं कळव म्हणला त्यो," आप्पासाहेब पुढच्या सीटवरून म्हणाले. त्यांचं लक्ष समोरच्या फडावर होतं. तोडणीवाल्या टोळीनं औशाजवळचा तो आठ एकर ऊस चारी बाजूंनी तोडत तोडत आत आणला होता. आता मधोमध खो-खोच्या मैदानाएवढा तुकडा उरला होता. कारखान्याचा ट्रक दिवस मावळायच्या आत येणार होता.

काचेवर टकटक झाली. बाहेर टोळीतली गुणाबाई उभी होती. एका हातात कोयता, कमरेवर वर्षभराची लेक रुद्राणी.

"मालक, जरा उतरा की. एक दाखवायचंय."

पाटाच्या कडेला ओल्या मातीवर भाकरीचं टोपलं पालथं घातलेलं होतं. वर दगड. गुणाबाईनं दगड बाजूला केला. "सकाळी दिसलं. कुणी तुडवाय नगं म्हणून झाकून ठिवलं." तिनं टोपलं उचललं.

खाली एक पाऊल उमटलेलं होतं. ऋतुजाच्या तळहाताएवढं.

"कुत्रं हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"एवढं मोठं? आन् मालक, शेवटचा तुकडा राहिला की फडातलं समदं त्यातच दबून बसतंय. कोयता जवळ आला की ससे पळत्यात, मुंगूस पळतंय. आज एक उंदीर बी बाहेर निघंना. आमचं कुत्रं पार तिकडं जाऊन बसलंय."

ऋतुजा आधीच वाकली होती. टूर कंपनीचा ठसे ओळखायचा व्हिडिओ तिनं आठवडाभर पाहिला होता, वर्गात सगळ्यांना शिकवला होता, बिल्डिंगमधल्या मांजरामागं चिखलातून फिरली होती. चार बोटं. खाली रुंद गादी. बोटांपुढची माती गुळगुळीत.

"पप्पा, नखं नाहीत." आनंदानं तिचा आवाज चढला. "कुत्र्याची नखं उमटतात. बिबट्या आत ओढून घेतो. हे बघा ना."

तिच्याशिवाय कुणालाच आनंद झाला नव्हता.

आप्पासाहेबांनी तिला चार पावलं बाजूला नेलं. "लावू वनखात्याला फोन? तू म्हणलीस तर लावतो. ते पिंजरा लावतेत, आठ-दहा दिवस कुणाला शिरू देत न्हाईत. टोळी दुसरीकडं जाती. वरचा बारा एकर तसाच उभा. मग उसाला इथं टाकून मी तुझ्यासंगं आफ्रिकेला येऊ काय? तूच सांग, बाळा. तूच निवड."

ऋतुजानं मोबाइलकडं पाहिलं. मासाई मारासमोर टिक होती. अंबोसेलीसमोर टिक होती. तिसरा चौकोन रिकामा होता.

"मोठं कुत्रं पण असू शकतं," ती म्हणाली.

आप्पासाहेब मागं गेले, बूट त्या पावलावर ठेवला आणि विडी विझवावी तसा फिरवला.

गुणाबाई टोपलं धरून उभीच होती. तिनं मातीकडं पाहिलं नाही, ऋतुजाकडं पाहिलं. "ताई, तुम्ही शाळंत जाता. तुम्ही म्हणता तर कुत्रंच असंल." मग तिची नजर लेकीला निजवायला बाभळीला बांधलेल्या झोळीवर गेली. बाभळीपासून ऊस वीस पावलांवर होता. "मग एवढं करा. तोड संपस्तोवर लेकराला गाडीत घ्या."

ऋतुजानं रुद्राणीला घेतलं. ती मागच्या सीटवर बसली, आप्पासाहेब पुढं बसले आणि खटकन आवाज आला. चारी दारं लॉक झाली.

रुद्राणीचा हात लागून मोबाइलवर टूर कंपनीचा पुढचा व्हिडिओ सुरू झाला. सफारीचे नियम. गाडीतून उतरू नका. काचा खाली करू नका. प्राण्याची वाट अडवू नका.

बाहेर अकरा माणसं कोयते घेऊन तुकड्याच्या चारी बाजूंनी उभी राहिली. सकाळी त्यांची चेष्टामस्करी गाडीपर्यंत ऐकू येत होती. आता जो तो समोरच्या उसाकडं बघत होता. टोळीचं कुत्रं लांबून शेपूट घालून आलं आणि गाडीखाली शिरलं.

"पाच वाजाय लागले," आप्पासाहेब म्हणाले. "तिसरं नाव काय लिवलं?"

वारा नव्हता. बाभळीचं पानही हलत नव्हतं. तुकड्याच्या मधोमध उसाचे शेंडे हलले. थांबले. मग थोडे अलीकडं हलले, गुणाबाईच्या बाजूला.

ऋतुजानं काचेचं बटण दाबलं. काच सरकेना. पुन्हा दाबलं. "पप्पा, काच उघडा."

"तिसरं नाव सांग आधी."

"मावशी," ती काचेला तोंड लावून ओरडली, "नखं नव्हती. मावशी, नखं नव्हती."

रुद्राणीला तो खेळ वाटला. ती खिदळली आणि तोंडातला ओला हात काढून काचेवर आपटू लागली.

गुणाबाईला आवाज गेला नाही. तिला काचेमागं हसणारी लेक तेवढी दिसली. तीही हसली. कोयता खाली धरून तिनं दुसरा हात हलवला, आणि लेकीला नीट दिसावं म्हणून उसाकडं पाठ करून उभी राहिली.