कायद्यात हॉल नाही

व्हर्जिल फाइनडे तळ्यावर पोचला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, आणि शाळेला अचानक सुटी मिळालेल्या पोरासारखा तो खुशीत होता.

कारणही तसंच होतं. व्हर्जिल आमच्या जमातीचा निवडून आलेला अध्यक्ष. वर्षाची महासभा त्याने आजच बोलावली होती, हॉलमध्ये, सकाळी दहाला. आणि तळ्यात आपोआप उगवणारा रानभात आजच दांडक्यांनी होडीत झोडून घ्यायला खुला झाला होता. अशा दिवशी हॉलमध्ये कोण मरायला जातंय? दोन तास रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून त्याने ‘कोरम झाला नाही’ असा कागद केला, कुलूप लावलं आणि तडक इकडे निघाला. सेक्रेटरीसुद्धा फिरकली नव्हती, याचं त्याला बरंच वाटलं होतं.

वसंतात त्याने कुणाला न विचारता या तळ्याचा धक्का एका रिसॉर्टवाल्याला भाडेपट्ट्याने देऊन टाकला होता. आज महासभेने तो मोडला नाही, तर उद्यापासून पट्टा पक्का. होड्या पाण्यात सोडायला दुसरी जागा नाही.

हिशेबी माणूस सरळ घरी गेला असता. पण भात खुला झाल्याच्या दिवशी घरी बसेल तो आमच्यातला कसला?

त्याची ऑर्लीन आत्या होडीपाशी वाट बघत होती. एकाहत्तर वर्षांची बाई, पण काठी रोवून होडी ढकलायला लागली की पोरं मागे पडतात. बाराव्या वर्षापासून व्हर्जिल तिच्याच होडीत बसून भात झोडत आला होता.

“झाली का रे सभा?” तिने विचारलं.

“कुठली व्हायला? आलंच नाही कुणी.”

“अगंबाई. बस मग.”

त्याने रिवाजाप्रमाणे तळ्याला म्हणून चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली, दोन्ही दांडकी घेतली आणि बसला. आत्याने होडी लोटली. वाटेत कितीतरी चांगला भात लागला, पण ती थांबेना. थेट तळ्याच्या मध्यावर जाऊन थांबली, तेव्हा चहूबाजूंनी भात सळसळला आणि एकेक होडी बाहेर आली. सगळ्यांची दांडकी मांडीवर.

“डॅनिएल,” आत्याने हाक मारली, “अध्यक्ष आले गं.”

समोरच्या होडीत सेक्रेटरी डॅनिएल बसली होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून रजिस्टर काढलं.

“सभा हॉलमध्ये होती,” व्हर्जिल म्हणाला. “संपली.”

“कायद्यात हॉल आहे?” असं म्हणून डॅनिएलने वाचूनच दाखवलं. “नेमलेल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, आपल्या मुलखात पंच्याहत्तर मतदार आणि अध्यक्ष जिथे एकत्र येतील, तिथे महासभा. मतदार एकशे अठरा आहेत. तुमचीच वाट बघत होतो.”

“हॉल बांधला माझ्या लग्नाच्या वर्षी,” पलीकडून म्हातारा हार्लन म्हणाला. “कायदा माझ्या आजाने लिहिला. तो कुठे बसला असेल, तूच सांग.”

व्हर्जिलने मागे वळून काठाकडे पाहिलं. काठ लांब होता, आणि काठी आत्याच्या हातात.

“आत्या, मला सोड काठावर.”

“सोडते की. होडी भरली की सोडते.”

सगळं तळं हसलं. व्हर्जिलचे कान लाल झाले. तो रागावला होता, खरोखर रागावला होता. पण होडीत उभं राहून तावातावाने बोलायचं म्हणजे थेट पाण्यात. शेवटी त्याने बसूनच सभा सुरू झाल्याचं सांगितलं. कायद्याप्रमाणे ते त्यानेच सांगायचं असतं.

पहिला प्रश्न हार्लनने विचारला. “धक्का देताना आम्हाला का नाही विचारलंस?”

व्हर्जिलने दांडकी खाली ठेवली.

“तुम्ही नाही म्हणाला असतात म्हणून.”

“हे बाकी खरं बोलला,” कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला.

“रिसॉर्टवाले म्हणाले होते, भाताच्या दिवसांत फाटक उघडं ठेवू,” तो पुटपुटला.

“आपल्याच तळ्यावर फाटकाशी उभी राहून मी कुणाची परवानगी मागू?” आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “मला सांग, बाळा. कुणाची?”

व्हर्जिलने डॅनिएलला ठराव वाचायची खूण केली.

मग ठराव आला. पट्टा रद्द; आणि यापुढे महासभेला न विचारता सही केली, तर त्याच दिवशी अध्यक्षपद गेलं. मतं मोजायचं कामही अध्यक्षाचंच. दांडकी वर गेली, सीडरच्या लाकडाची, हलकी, कुणाची आजाच्या हातची. आत्याचे हात काठीत अडकलेले, म्हणून तिने ती लांबलचक काठीच उचलली, आणि होडी गिरकी घ्यायला लागली. गिरकी घेत घेत व्हर्जिलने मोजलं. सगळं तळं एकदा फिरून झालं.

“एकशे अठरा,” तो म्हणाला. “विरोधात?”

कुणीच नव्हतं. डॅनिएलने लिहून घेतलं, रजिस्टर पुढे केलं, आणि व्हर्जिलने होडीच्या काठावर टेकवून सही केली. कुणीतरी आनंदाने आरोळी ठोकली. पाठोपाठ सगळ्या होड्यांतून आरोळ्या उठल्या आणि भातातली बदकं उडाली. आत्या रडत होती आणि हसतही होती. तिने बाहीने नाक पुसलं.

“तुझं काय मत होतं रे?” तिने विचारलं.

“बरोबरी झाल्याशिवाय अध्यक्षाला मत नसतं, आत्या.”

“मग हात मोकळेच आहेत की,” ती काठी रोवत म्हणाली. “झोड.”