टोपणनावाची सून

सासरच्या माणसांवर विनोदी गोष्टी लिहायच्या आणि त्याच घरात सुखाने जेवायचं, म्हणून रत्नाने ‘तापीकन्या’ हे टोपणनाव घेतलं. गोष्टीतलं गावही शिरपूरचं जामनेर केलं.

‘वांगी कपाशीनी पऱ्हाटीवर भाजेल नई’ म्हणत नाक मुरडणाऱ्या आणि तरी तीनदा भरीत वाढून घेणाऱ्या नणंदेची गोष्ट फिरत फिरत घरच्याच ग्रुपवर आली. नणंद दिपमालाने खाली लिहिलं, “आमच्याकडे एक अश्शीच आहे!” पुढची गोष्ट होती मानाची साडी मांडवातच उलगडून किंमत विचारणाऱ्या जावेची. मोठ्या जाऊबाईंनी ती हसत हसत आपल्या विहिणीला पाठवली.

रत्ना निर्धास्त झाली. फक्त सासूबाई, भिकुबाई, ही दुसरी गोष्ट आली त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनात. गोष्टी कोण लिहितं हे यांना कळलं की काय? शेवटी तिने घाबरत विचारलं, “अक्का, माझं काही चुकलं का?”

भिकुबाईंनी कळण्याची भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.



“पोरवर लिखं, मोठी सूनवर लिखं. या घरमा सासू शे का नई?”