ओठाचा डावा कोपरा

"हस बघू परत," अल्विन म्हणाला.

ऑर्विल प्रॅथर हसला नाही. मेकअपच्या खुर्चीत मान मागे टाकून तो आरशात बघत राहिला. हॉलिवूडमध्ये एकोणीस वर्षं अल्विनच त्याला रंगवत आला होता. पोस्टमास्तर, न्यायाधीश, पाद्री, नायिकेचा विसराळू काका. नाव कुणाला आठवायचं नाही, पण तो पडद्यावर आला की लोक शेजारच्याला ढोसून सांगायचे, हा बघ, हा.

मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला आणि चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. स्टुडिओने करार मोडला. पाच महिने तो दाढी न करता फोनशेजारी बसून होता. मग औषधाच्या दुकानात एका दिग्दर्शकाने त्याला पाहिलं आणि रांगेतच म्हणाला, "हे तोंड मला हवंय." महायुद्ध संपल्यापासून लोकांना खून-गुन्ह्यांचे काळोखे चित्रपट हवे होते. ऑर्विल पडद्यावरचा खुनी झाला. पोस्टरवर तिसरं नाव, आणि तसल्याच आणखी दोन चित्रपटांचा शब्द.

"मघाशी मी ती घोड्याची गोष्ट सांगितली, तेव्हा तुझा ओठ हलला," अल्विन म्हणाला. "डावीकडचा."

"भास झाला तुला."

"ओठ रंगवून पोट भरतो मी, म्हाताऱ्या. भास कुठला?"

ऑर्विलने दाराकडे पाहिलं. "तीन आठवडे झाले. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. डॉक्टर म्हणतो, नाताळपर्यंत पूर्ण बरा होशील."

"अरे, मग चांगलंच की."

"आज कोर्टातला सीन आहे. कॅमेरा नाकाला टेकेल इतका जवळ. बरं झालेलं तोंड घेऊन मी कुठं जाऊ? पोस्टमास्तर आता दुसरा कुणी करतो. मिशा चिकटवायचा डिंक आहे ना तुझ्याकडे?"

अल्विन बराच वेळ ब्रश पुसत राहिला. "तुझ्या नेटीला माहितेय?"

"रोज सकाळी अर्धा तास माझ्या तोंडाचा व्यायाम घेते ती. तिच्यासमोर मी ओठ हलूच देत नाही."

अल्विनने रेशमी जाळीची बारीक पट्टी कापली. ओठाचा कोपरा खाली ओढून हनुवटीशी चिकटवला आणि वरून रंग चढवला. डिंक झोंबून ऑर्विलच्या डोळ्यांत पाणी आलं. अल्विनने तेही टिपलं.

तेवढ्यात नेटी कॉफीचे तीन कप सांभाळत आत आली आणि तिने ते टेबलावर ठेवले. बायको म्हणून तिला सेटवर येऊ देत होते, आणि ती रोज येत होती. "दिग्दर्शक बाहेर सांगतोय, असा खुनी जन्मात पाहिला नाही," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे पाहून तिचा आवाज उतरला. "आज जास्तच ओघळलंय रे."

घरी धरायची तसा तिने अंगठा ओठाच्या कोपऱ्याला लावला आणि वर ढकलला. पट्टीचं टोक सुटलं. तिने हात मागे घेतला, तरी ओठ खाली आला नाही. तो जिथल्या तिथे, सरळ राहिला.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "प्रॅथर, पाच मिनिटं."

नेटीने अंगठ्याला लागलेला डिंक पाहिला. रुमालाने पुसून बघितला, निघाला नाही. ती ऑर्विलकडे बघत होती. ऑर्विल मांडीवरच्या हातांकडे बघत होता. तिने रुमाल घडी करून कपांशेजारी ठेवला.

"अल्विन, इथलं सुटलंय," ती म्हणाली. "परत लाव."

अल्विनने डिंक लावला. तो वाळेपर्यंत नेटीने स्वतःच अंगठ्याने तो कोपरा खाली दाबून धरला.