सिरिलचं राहिलेलं काम

डेरिक पेलनं विमानाच्या नोंदवहीचं शेवटचं पान पुन्हा एकदा पाहिलं आणि मुद्दाम चेहरा पाडला. पानावर आकडा होता एक्केचाळीस.

लष्करातून निवृत्त झालेल्या या दोन माणसी विमानांचं आयुष्य नुसत्या तासांत मोजत नाहीत. प्रत्येक गिरकीत पंख पिळले जातात, तो ताण गुणांनी नोंदतात. शंभर गुण भरले की विमान संपलं. विकायला येणारी बहुतेक विमानं नव्वदीच्या पुढची असायची. एक्केचाळीसचं विमान पेलनं पंधरा वर्षांच्या दलालीत पाहिलं नव्हतं.

"वाईट आहे का हो?" विनिफ्रेड हॉबडेनं चहा ओतता ओतता विचारलं.

"संपलंय, मिसेस हॉबडे."

"पण इथं एक्केचाळीस लिहिलंय."

"ते नुसते शेवटच्या दोन वर्षांचे. मागचे धरले की एकशे सहा होतात." पेलनं केकचा तुकडा तोंडात टाकला. "तुमच्या यजमानांनी गिरक्या घेऊन पार पिळून काढलंय."

"सिरिलनं? त्याला तर झोपाळ्यावरही मळमळायचं."

"बायकोला सगळं कुठं सांगतात?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथं सिरिलचा एक जुना फोटो होता. अंगात वायुदलाच्या कामगाराचा डगला, टोपी काढून काखेत धरलेली, हातात करवत, मागं एक विमान.

"सुतारकी करायचे वाटतं?" पेलनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"आयुष्य संपलेली विमानं त्याच्याकडे यायची. घरी आला की त्या दिवशी जेवायचा नाही."

पेलचं लक्ष खिडकीबाहेर होतं. अंगणापलीकडे विमान ठेवलेलं कोठार होतं, आणि कोठारापासून बांधापर्यंत सिरिलनं राखलेली गवताची धावपट्टी.

"उड्डाण क्लबातल्या दोघी मुली विमान मागत होत्या," विनिफ्रेड हळूच म्हणाली. "ते उडतं राहावं, एवढंच त्यानं शेवटी मागितलं. मी हो म्हटलं होतं."

"द्या की. पंखातला मुख्य दांडा म्हणजे विमानाचा कणा. तोच थकलाय. पहिल्याच गिरकीत पंख निखळेल. मग जा त्या पोरींच्या आयांना भेटायला."

तिनं कप खाली ठेवला.

"म्हणजे कुणीच उडवायचं नाही?"

"कुणीच नाही. इंजिन नि खुर्च्या तेवढ्या विकल्या जातील. मी तीन हजार पौंड देतो. तेही सिरिलकडे पाहून." सिरिलला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. "सोमवारी ट्रक पाठवतो."

"तसं लिहून द्याल? असं काम लेखी हुकमाशिवाय करायचं नाही, असा सिरिलचा नियम होता."

कसलं काम, हे पेलनं विचारलं नाही. उलट त्याला बरंच वाटलं. उद्या क्लबवाले भांडायला आले तर कागद उपयोगी पडेल. त्यानं ठळक अक्षरात लिहिलं, 'आयुष्य संपले. उड्डाणास कायमचे अयोग्य,' आणि खाली सही केली. तिनं कागद दोनदा वाचला आणि बायबलमध्ये ठेवला.

सोमवारी ट्रक येणारच नव्हता. रविवारी सकाळी म्हातारी प्रार्थनेला गेली, तसा पेल मित्राच्या गाडीतून शेतावर उतरला. सोबत पेट्रोलचे दोन डबे होते.

"घाई कर," मित्र म्हणाला. "प्रार्थना साडेअकराला सुटते."

"सगळं बुधवारीच तपासलंय. दांडा नव्यासारखा आहे." पेल हसला. "बघ, मला द्यायचं म्हणून बिचारीनं कोठारसुद्धा झाडून काढलंय."

इंजिन दुसऱ्याच झटक्याला सुरू झालं. विमान गवतावरून अलगद उठलं. पेल सावकाश वर चढत गेला. गावाच्या डोक्यावर आल्यावर त्याला राहवेना. शिल्लक एकोणसाठ गुणांपैकी एक तरी खर्चायला काय हरकत होती? त्यानं पट्टे आवळले. गिरकीसाठी वेग हवा म्हणून नाक खाली घातलं.

खाली प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर विनिफ्रेडनं पाद्रीबुवांच्या हाती डावा हात दिला.

"उजव्याला काय झालं गं?" शेजारच्या म्युरिएलनं विचारलं.

"भरून आलाय. काल सिरिलचं राहिलेलं काम करत होते. ते कुणाच्या तरी जिवावर बेतेल, या धास्तीनं तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. काल मात्र शांत झोपले."

"या वयात कसली कामं करतेस? दोन घास खा आधी." म्युरिएलनं घरघर ऐकून मान वर केली आणि डोळ्यांवर हात धरला. "अगं विनी, ते बघ! तुमचंच विमान ना ते?"

विनिफ्रेडनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती हातमोजे चढवत होती.

"छे गं, आमचं कसं असेल? सिरिलच्या करवतीनं त्याचा कणा काल मी अर्ध्याच्या वर कापून ठेवलाय."